माझ्या एकटीचे हातमोजे

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर वाईट आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली. त्यानंतर किराणाच्या याद्या आणि गावाकडची पत्रं सोडली तर मी काही लिहिलेलं नाही, आणि पत्रंही आता कुणी पाठवत नाही. शिवाय उजव्या अंगठ्याची कातडी अजून पुरती भरलेली नाही. पेन दाबून धरलं की ओढ बसते आणि अक्षर वाकडं पडतं. ही वही कुणाला दाखवायची नाही, तरी माफी मागते, कारण माझी सवयच तशी. बसमध्ये कुणी माझ्या पायावर पाय दिला तर सॉरी मीच म्हणते. या सवयीचा मला आता एवढा राग येतो की म्हणूनच लिहायला बसले आहे.

मी नॉटिंगहॅममध्ये राहते. माझे मालक इथं हॉटेलात आचारी म्हणून आले आणि दोन वर्षांनी चार वर्षांच्या मुलीला घेऊन मी आले. मालकांना जाऊन तीन वर्षं होतील. मुलगी कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, ऑफिसात लागली आहे, तिचा पगार भाड्यात जातो. मला परक्यांशी बोलायची भीती वाटते, इंग्रजी दुकानापुरतं येतं, आणि काम येतं ते एकच, स्वयंपाक. म्हणून आपलीच एक मराठी बाई डबे करते आणि तिला कामाला कुणीतरी हवंय असं कळलं, तेव्हा मला वाटलं, माझी सोय झाली.

त्या बाईंना सगळे वहिनी म्हणतात. टायरच्या दुकानामागे त्यांनी भाड्याने किचन घेतलेलं. शिकणाऱ्या मुलांचे डबे, नोकरी करणाऱ्या जोडप्यांचे डबे, सणाला पुरणपोळ्या, बारशाच्या आणि डोहाळजेवणाच्या ऑर्डरी. वहिनी फोन, हिशोब आणि गाडी बघायच्या. स्वयंपाकाला आम्ही दोघी, मी आणि वहिनींची आतेबहीण. तिला सगळे ताई म्हणत. शिवाय वहिनींच्या सासूबाई, आजी. त्या रोज सकाळी गाडीतून यायच्या, हीटरजवळच्या खुर्चीत बसून वाती वळायच्या आणि बारा वाजता आमच्याच किचनमधलं ताट जेवायच्या.

पहिल्या दिवशी वहिनींनी विचारलं, "मावशी, तुम्ही मूळच्या कुठल्या?" मी त्यांच्यापेक्षा पाचच वर्षांनी मोठी असेन, पण स्वयंपाकाला येणारी बाई ती मावशी.

मी गावाचं नाव सांगितलं.

"गावात कुठे घर?"

हा प्रश्न मला लहानपणापासून ओळखीचा आहे. मी ओट्याकडे बघत म्हणाले, "गावाबाहेर वस्ती आहे तिथं. आम्ही बौद्ध."

"अच्छा, अच्छा," वहिनी म्हणाल्या. "मला काही प्रॉब्लेम नाही हं. मी तसलं काही मानत नाही."

मी म्हणाले, थँक्यू. खरंच म्हणाले. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर माझ्या जागेशी निळ्या हातमोज्यांचा खोका होता. "मावशी, तुम्ही हे घालूनच सगळं करायचं. इथले रूल्स फार कडक असतात," वहिनी म्हणाल्या. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बरं वाटलं, आपण इंग्लंडात शिस्तीचं काम करतो म्हणून. घरी येऊन मुलीला हातमोजे दाखवले. ती हसून म्हणाली, "आई, तू सर्जन दिसते."

हातमोजे घालून दहा किलो कणीक मळायची म्हणजे काय, ते मळणाऱ्यालाच कळेल. कणीक बोटांना चिकटते, मोजा ओढला जातो, नखाशी फाटतो. फाटलेला तुकडा कणकेत जाऊ नये म्हणून दर थोड्या वेळाने बदलायचा. आतून घामाने हात भिजून पांढरे पडायचे. आठवड्याला एक खोका संपायचा. पहिल्याच आठवड्याच्या पगाराच्या पाकिटावर वहिनींनी लिहिलं होतं, हातमोजे, वजा चार पौंड. मी विचारलं नाही. वहिनीच म्हणाल्या, "तुम्ही फार वापरता ना मावशी, म्हणून. ताईला एकही लागत नाही बघा."

ताईला लागत नव्हते कारण ताई घालतच नव्हती. ती उघड्या हाताने पुरण वाटायची, उघड्या हाताने मोदक वळायची, चमच्यातलं वरण तळहातावर घेऊन चाखायची. मी ते रोज बघत होते. वहिनी म्हणायच्या, ताईच्या हाताला चव आहे. मलाही वाटायचं, घरची माणसं आहेत, त्यांना नियम वेगळे. एवढं डोळ्यांसमोर असून मला ते जोडता आलं नाही, याचा राग वहिनींवरच्या रागापेक्षा कमी नाही.

चार महिन्यांनी बोटांच्या बेचक्यात खाज सुटली. मग पाण्याचे बारीक फोड आले, फुटले, कातडी जाड होऊन तडकली. मीठ लागलं की जीव जायचा. मूठ मिटली तर सांध्यावर चिरा पडून रक्त यायचं. वर मनगटापर्यंत लाल, आणि तिथं एकदम थांबलेलं, जसं कुणी दोरा बांधून आखून दिलंय. ती रेघ मी रोज बघायचे. जीपीने, म्हणजे इथल्या नेहमीच्या डॉक्टरने, बघितली, वहिनींनी बघितली. कुणालाच त्यातलं काही कळलं नाही.

जीपीने मलम दिलं आणि सांगितलं, हात पाण्यापासून जपा, हातमोजे घाला. मी म्हटलं, घालतेच की. घरीही घालायला लागले. मुलीला लागू नये म्हणून भाकरी थापताना घातले, तिचे कपडे घडी करताना घातले. खोबरेल लावलं, हळद लावली, इंडियन दुकानातून कडुलिंबाचा पाला आणून त्याच्या पाण्यात हात बुडवले. वरून परत हातमोजे.

आजींनी एक दिवस माझे हात बघितले आणि वाती बाजूला ठेवल्या. "हिला काय लागलंय गं हे? आमच्या गावात एकीला असंच झालं होतं. तिला बाहेर ठेवली होती."

"आजी, रोग नाही तो, अॅलर्जी असेल कसली," ताई म्हणाली. ताई मनाने वाईट नव्हती, पण तिचं वाक्य नेहमी एवढंच असायचं.

"अॅलर्जी आपल्याला कशी होत नाही मग? घरात काय वापरते कुणास ठाऊक."

वहिनी मला कोपऱ्यात घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, घरी साबण कुठला वापरता? स्वस्तातला वापरू नका. आणि इथे आता दोन-दोन हातमोजे घाला, एकावर एक. कस्टमरने पाहिलं तर माझा धंदा बसेल."

मी दोन-दोन घातले. पाकिटावर चारचे आठ पौंड झाले. हात दुपटीने पेटले. वहिनी पेट्रोलचे पैसे कापत नव्हत्या, गॅसचे कापत नव्हत्या, माझ्या हातमोज्यांचे कापत होत्या, आणि मी दर शुक्रवारी पाकीट दोन्ही हातांनी घेत होते.

जीपीकडे चौथ्यांदा मुलगी बरोबर आली. तिचं मराठी मोडकं आहे, पण इंग्रजीत ती कुणाला ऐकत नाही. तिथं तिने काय सांगितलं ते सगळं मला समजलं नाही, पण डॉक्टरने हॉस्पिटलच्या स्किन विभागाला चिठ्ठी लिहिली. पाच महिने थांबायला लागलं. मग पत्र आलं. पॅच टेस्ट करणार. कशाची बाधा होते ते पाठीवर लावून बघतात. एका आठवड्यात सोमवार, बुधवार, शुक्रवार तीनदा यायचं, आणि रोज हाताला लागणाऱ्या वस्तू पिशवीत घालून आणायच्या.

मी पिशवी भरली. अंगाचा साबण, भांड्यांचा साबण, खोबरेल, टिकल्यांचं पाकीट, मेंदी, हळद, हिंग, घरचा काळा मसाला, बाम, आणि सगळ्यात खाली, कागदात गुंडाळून, केसांना लावायचा काळा रंग, जो मी लावते हे मुलीलाही ठाऊक नव्हतं. हातमोजे घेतले नाहीत. ते मला औषध वाटत होते.

सोमवारी नर्सने पडदा ओढला आणि कमरेपर्यंत कपडे काढून पालथं झोपायला सांगितलं. माझी उघडी पाठ उजेडात माझ्या मालकांनीही कधी बघितली नव्हती. मराठी दुभाषी मिळाली नाही, म्हणून फोनवर हिंदी बोलणारी एक बाई लावून दिली होती. फोन माझ्या उशीशी ठेवलेला. ती बाई "बहनजी, घबराइए मत" म्हणत होती आणि मी चादरीत तोंड खुपसून "जी, जी" करत होते. शिकायला आलेल्या दोन मुली बघत उभ्या राहिल्या तर चालेल का, असं विचारलं. मी "जी" म्हणाले. पडद्याबाहेरून माझी मुलगी ओरडली, "आई, तू नाही पण म्हणू शकते!"

नर्सने पाठीवर चिकटपट्ट्या लावल्या. प्रत्येक पट्टीवर बारीक वाट्या होत्या, एकेका वाटीत एकेक वस्तू. रबर, धातू, सुगंध, डिंक, रंग आणि माझ्या पिशवीतला मसालासुद्धा. सगळ्या गार. मग शाईच्या पेनाने कडेने खुणा केल्या. नर्स म्हणाली, ऐंशीच्या वर वाट्या आहेत. माझी पाठ म्हणजे सोनाराचं दुकान झालं होतं.

मग नियम सांगितले. शुक्रवारपर्यंत पाठीला पाणी लावायचं नाही. घाम येईल असं काम करायचं नाही. ओढाओढ नको, पट्टी सुटली तर सगळं फुकट.

अंघोळ नाही, हे मी नर्सला परत विचारून घेतलं. मी अंघोळ केल्याशिवाय चहा घेत नाही. माझी आई म्हणायची, आपल्याला लोक घाण म्हणायला टपलेले असतात, म्हणून आपण त्यांच्या दुप्पट घासायचं. ती आम्हाला विटकरीच्या तुकड्याने घासायची. इतक्या वर्षांत मी बाळंतपण आणि मालक गेले तो दिवस सोडून अंघोळ चुकवलेली नाही.

मंगळवारी कामावर गेले. जायला नको होतं. पण बारशाची ऑर्डर होती, वहिनींनी आधीच सांगितलं होतं, "या आठवड्यात सुट्टी घेतली तर मी काय करू?" पहाटे उठून न्हाणीत बसून ओल्या फडक्याने हात, पाय, पोट, मान पुसली. पाठ सोडून सगळं अंग पुसलं आणि साडी नेसले.

किचनच्या दारातच आजींनी रोजचा प्रश्न विचारला. "अंघोळ झाली?"

रोज मी मान हलवते. त्या दिवशीही हलवली असती तर काही कळलं नसतं. पण खोटं बोलायचीही मला लाज वाटते. म्हणाले, "आजी, पाठीवरून पाणी घ्यायला डॉक्टरांनी मना केलंय. बाकी अंग पुसलंय."

"म्हणजे नाही झाली."

"पाठीला पट्ट्या लावल्यात. शुक्रवारपर्यंत."

"शुक्रवारपर्यंत!" आजी वहिनींकडे वळल्या. "अगं सूनबाई, ऐकलंस का? ही पाच दिवस बिनअंघोळीची अन्नाला हात लावणार. आधीच ते हात, त्यात हे."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं नाही. फोन बघत म्हणाल्या, "मावशी, तुम्ही आज भांड्यांकडे बघा. पोळ्या ताई करेल."

भांडी म्हणजे बारशाची पातेली, कढया, चिकटलेला पाक. वहिनींनी जाड पिवळे रबरी हातमोजे काढून दिले, म्हणाल्या, "ते निळे आतून, हे बाहेरून, म्हणजे पाणी जाणारच नाही." मी पाच तास भांडी घासली. घाम येऊ नये म्हणून हळू घासत होते, तर आजी म्हणाल्या, कामचुकार झाली. पाठीला खाज सुटली, उजव्या खांद्याखाली एका जागी तर विंचू चावल्यासारखं आग आग व्हायला लागलं. खाजवता येत नाही. दाराच्या चौकटीला पाठ घासावी म्हटलं तर पट्टी सुटेल. मी नळ सोडून रडले, आवाज जाऊ नये म्हणून. संध्याकाळी वहिनी म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नका. टेस्ट झाली की बघू." तीन दिवसांचा पगार गेला.

बुधवारी नर्सने पट्ट्या काढल्या, बघितलं, वहीत लिहिलं आणि काहीच सांगितलं नाही. शुक्रवारी बघू म्हणाली.

शुक्रवारी मुलीने अर्धी रजा घेतली. डॉक्टर बाई होती, माझ्या मुलीपेक्षा फार मोठी नसेल. तिने भिंग लावून पाठ बघितली, बोट फिरवलं, मग माझ्याच फोनने फोटो काढून मला दाखवला. सगळी पाठ साफ, आणि उजव्या खांद्याखाली दोन चौकोन लाल, फुगलेले. एकावर तर पाण्याचे फोड.

"हे काय आहे?" मुलीने विचारलं.

डॉक्टर हळूहळू सांगत गेली आणि मुलगी मला सांगत गेली. "आई, ही रबराची केमिकल आहे. रबरचे ग्लव्ह्ज बनवतात ना, ते पटकन पक्के व्हायला घालतात. निळ्यात पण असतात, पिवळ्यात पण. तुझा मसाला ओके आहे. तुझा साबण ओके आहे. तुझा हळद, तेल, सगळं ओके आहे." मग थांबली. "तो केसांचा कलर पण ओके आहे. तू केस रंगवते?"

डॉक्टरने विचारलं, कामाला कसले हातमोजे वापरता? मी कोटाच्या खिशातून एक निळा काढून दिला. तिने तो चिमटीत धरला. मग माझं मनगट उलटं केलं, त्या लाल रेघेवर हातमोज्याची कड ठेवली. बरोबर बसली. वर्षभर ती रेघ माझ्या हातावर होती.

मग तिने सहज विचारलं. मुलीने मराठीत सांगितलं, "डॉक्टर विचारते, कामावर सगळेच हे घालतात का? दुसऱ्या कुणाला त्रास होतो का?"

मी म्हणाले, "नाही. मी एकटीच घालते."

"का?"

डॉक्टरने लिहायला पेन कागदावर टेकवलं. माझ्याकडे उत्तर होतं. ते मला त्याच वेळी कळलं, पाठ उघडी टाकून त्या उंच बाकावर बसलेली असताना. पहिल्या दिवशी गाव विचारलं, दुसऱ्या दिवशी खोका आला. ताईच्या हाताला चव, माझ्या हाताला नियम. आजींना बारा वाजता त्याच किचनमधलं ताट जेवायचं होतं, आणि माझ्या हाताची कणीक त्यांच्या पोटात जाऊ नये म्हणून मधे एक निळं कातडं घातलं होतं. त्याचे पैसे माझ्याकडून घेतले. आणि त्या कातड्याने माझं कातडं खाल्लं, तेव्हा म्हणाले, हिच्या घरचा साबण वाईट.

मुलीला मी म्हणाले, "सांग, माहीत नाही."

ट्राममध्ये तिने परत विचारलं, आणि मी तिला सगळं सांगितलं. भर ट्राममध्ये, मोठ्या आवाजात. समोरचा म्हातारा वळून बघत होता. मी आवाज कमी केला नाही. मुलगी इथं वाढली. विहारात वंदनेला जाते, घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, सगळं तिला ऐकून माहीत आहे, पण तिला ते तिकडचं वाटायचं, जुनं. घरी आल्यावर ती म्हणाली, "आई, किती आठवडे पैसे कापले?"

पाकिटं मी टाकली नव्हती, बियाणं ठेवायला उपयोगी पडतात म्हणून. सुट्ट्यांचे आठवडे सोडून एकसष्ट निघाली. वीस आठवडे चार पौंड, एक्केचाळीस आठवडे आठ पौंड. चारशे आठ.

इथं शहरात फुकट सल्ला देणारं ऑफिस आहे, शनिवारी सकाळी उघडं असतं, तिथं गेलो. तिथली बाई म्हणाली, कामासाठी लागणारे हातमोजे मालकाने आपल्या पैशाने द्यायचे असतात, कामगाराच्या पगारातून कापायचे नसतात. हे पैसे मागा. जातीचं मुलीने सांगितलं तर तिने ऐकून घेतलं, तो शब्द कसा लिहायचा ते दोनदा विचारलं, मग म्हणाली, हे सिद्ध करणं फार अवघड आहे. कुणी तोंडाने काही बोललंय का? मुलगी म्हणाली, नाही. वहिनी तोंडाने कधीच काही बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या होत्या, मी मानत नाही.

पत्र मुलीने टाईप केलं, हॉस्पिटलचा कागद जोडला. मी म्हणाले, द्यायला मी जाणार. तू बाहेर थांब.

सोमवारी सकाळी गेले. अंघोळ करून गेले, शुक्रवारी रात्रीपासून पाचदा केली होती. आजींनी विचारायच्या आधीच मी म्हणाले, "झाली."

वहिनींनी पत्र उभ्यानेच वाचलं. "हे काय मावशी? चारशे पौंड? मी तुम्हाला काम दिलं, कुणी देत नव्हतं तेव्हा. आपली माणसं म्हणून."

"हातमोज्यांचे पैसे आहेत."

"अहो पण ते तुमच्याच साठी होते ना!"

"ताईंना का नव्हते?"

ताई लाटत होती. तिचं लाटणं थांबलं.

"ताई घरची आहे," वहिनी म्हणाल्या.

"नियम कडक आहेत म्हणाला होतात तुम्ही. घरच्यांना नियम नसतात?"

वहिनींनी दार लोटलं, मला जवळ ओढल्यासारखं केलं, हात न लावता. "हे बघा, तुमच्यापासून लपवत नाही. माझं काहीच नाही, मी मानत नाही, तुम्हाला माहितीये. पण आजी जुन्या. त्यांचं वय बघा. त्यांना चालत नाही. मग मी मार्ग काढला, तुमचं काम पण टिकलं आणि त्यांचं मन पण राहिलं. त्यात वाईट काय केलं मी? दुसरी कुणी असती तर ठेवलीच नसती तुम्हाला."

आजी खुर्चीतून म्हणाल्या, "माझं नाव कशाला घेतेस? मी काही बोलले का तिला कधी?"

तेव्हा मी हात पुढे केले. दोन्ही, उताणे. मलम न लावता गेले होते मुद्दाम. "हे बघा वहिनी. तुमच्या मार्गाने हे केलंय. माझी जात लागत नाही कुणाला, लागली असती तर तुमच्या सासूबाई केव्हाच आजारी पडल्या असत्या. वर्षभर माझ्या हाताचंच जेवतायत. पोळीत गेलेला मोज्याचा तुकडा त्यांच्याच ताटात सापडला होता ना दिवाळीला? मीच काढला. पैसे द्या."

ताईने तोंडावर पदर घेतला. रडत होती की हसत होती, मला कळलं नाही. आजींनी पोळ्यांच्या ताटाकडे बघितलं.

त्यानंतरचं बोलणं मला नीट आठवत नाही. वहिनी म्हणाल्या, तुमच्या लोकांना सगळीकडे तेच दिसतं. मी काहीतरी उलट बोलले. बाहेर आले तर मुलगी टायरच्या दुकानाशी उभी होती. तिने मला तिथल्या टायरवरच बसवलं.

हात मोकळे ठेवल्यावर तीन आठवड्यांत फोड गेले, दोन महिन्यांत चिरा भरत आल्या. डॉक्टरने ज्यात ते केमिकल नाही अशा हातमोज्यांची नावं लिहून दिली होती. आता एका शाळेच्या किचनमध्ये काम करते. तिथं पोरांच्या सॅलडला हात लावायचा असेल तर मॅनेजरसकट सगळे हातमोजे घालतात, आणि नसेल तर कुणीच घालत नाही. माझ्यासाठी वेगळा खोका मागवला. पैसे मागितले नाहीत. मी विचारून खात्री केली, दोनदा.

वहिनींनी पहिल्यांदा काहीच दिलं नाही. इथल्या मराठी मंडळातल्या बायकांना सांगितलं की ती मावशी आता कोर्टकचेऱ्या करते, मुलीने शिकवलंय. सल्ला ऑफिसच्या बाईने दुसरं पत्र पाठवलं तेव्हा शंभर आले. बरोबर मेसेज, 'सध्या एवढेच जमतंय, ऑर्डरी कमी झाल्यात.' त्या आठवड्यात त्यांच्या पुरणपोळ्यांचे फोटो सगळीकडे फिरत होते. मग महिनाभर शांत. मुलगी म्हणाली, सोड ना आई, शंभर मिळाले, तुझा हात बरा झाला. मी म्हणाले, नाही. एक पेनी सोडणार नाही. तिने माझ्याकडे असं बघितलं जसं घरात कुणी नवीन माणूस आलंय. तिसरं पत्र गेलं. दीडशे आले. चौथ्या पत्राची वाट वहिनींनी बघितली नाही.

काल दुपारी शाळेतून येताना फोन वाजला. वहिनींचा मेसेज होता, 'मावशी, आज बाकीचे सगळे टाकलेत. आता तरी लोकांत बोलणं बंद करा. आजींना फार मनस्ताप झालाय.' मी बसमधून एक स्टॉप आधी उतरले आणि बँकेच्या मशीनवर जाऊन बघितलं. एकशे अठ्ठावन्न. घरी मुलीने फोनवर बेरीज केली, आणि मी पाकिटाच्या मागे हाताने मांडून केली, शंभर, दीडशे, एकशे अठ्ठावन्न. चारशे आठ, पूर्ण.